दोन बोटांची जागा

आमच्या घरात स्वतःचं वजन कुणीच खरं सांगत नाही. बाबा पाच किलो जास्त सांगतात, कारण निवृत्त झाल्यापासून त्यांचे शर्ट ढगळ व्हायला लागलेत आणि ते त्यांना मान्य नाही. मावशी कमी सांगते. आई तर गेली दहा वर्षं सत्तरच सांगते आहे. डॉक्टरकडे काट्यावर उभं राहायची वेळ आली की ती मला केबिनबाहेर पाठवते. "जा गो, औषधं घेऊन ये तोवर." मी तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर मिलिग्रॅममध्ये मोजते, मापात जराशी गफलत निघाली तर अख्खी बॅच परत पाठवते, आणि त्यावरून प्लँटमधले पुरुष मला खडूस म्हणतात ते वेगळंच. एवढं असून मी आईचे सत्तर किलो खरे धरून चालले. डोकं नावाची चीज त्या वेळी कुठे ठेवली होती, देव जाणे.

गाडी माझी. सेकंडहँड सेडान, माझ्या पगारातून घेतलेली. लोक पगारातून सोनं घेतात, मी गाडी घेतली आणि मग ती खाली करून घेतली. म्हणजे स्प्रिंग बदलून चाळीस मिलिमीटर खाली बसवली. ज्यांना यातलं काही कळत नाही ते विचारतात, "कशाला?" गाडी खाली बसली की चाक आणि पत्रा जवळ येतात, मधली ती पोकळ जागा जाते, आणि गाडी रस्त्याला धरून उभी राहिल्यासारखी दिसते. मला ते कॉलेजपासून आवडतं. बाबा म्हणाले, "स्पीडब्रेकरला पोट घासणारी गाडी घेऊन काय करणार आहेस?" मी म्हटलं, "बाबा, जबाबदारी माझी." हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

खाली केलेल्या गाडीला मूळची पंधरा इंची चाकं केविलवाणी दिसतात. म्हणून मी सतरा इंची अलॉय घेतले आणि मग टायरच्या आकड्यांत शिरले. टायरवर २१५/४५ असं लिहिलेलं असतं ना, त्यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. नवं चाक मोठं घेतलं की टायरची भिंत बुटकी घ्यायची, म्हणजे एकूण उंची जवळपास मूळचीच राहते. नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि टायर पत्र्याला लागतो. माझ्या मूळच्या चाकाची उंची सहाशे एकवीस मिलिमीटर. २०५/४५ घेतला तर सहाशे सोळा होत होती, २१५/४५ घेतला तर सहाशे पंचवीस. कागदावर दोन्ही चालत होते. पण २०५ त्या रुंद रिमवर ताणून बसवलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा दिसायचा, आणि २१५ भरलेला, गुबगुबीत. मला भरलेला हवा होता. वर चार आणि बाजूला पाच मिलिमीटरचाच तर फरक, मी स्वतःला सांगितलं. लॅबमध्ये कुणी मला "एवढाच तर फरक" म्हणालं असतं तर मी त्याला खाल्लं असतं.

माझा मेकॅनिक बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा, जातीचा कोळी. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याची शेड आहे, एका बाजूला गाड्या आणि दुसऱ्या बाजूला दोरीवर सुकत घातलेले बोंबील. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. त्याने आकडा बघितला आणि नाक मुरडलं. "दोनशे पाच टाक ना ताय." मी म्हटलं, "दादा, मी सगळं मोजलंय." तो म्हणाला, "रिकाम्या गारीवर मोजून काय? घरची सगली मान्सं बसव. मंग मागच्या चाकाच्या वर दोन बोटं आत जातान का बग. गेली तर ठीक हाय. नाय गेली तर माझ्याकरं ये, मी पत्र्याची कड आत वलवून देतो."

घरच्यांना बसवायचं म्हणजे त्यांना सांगावं लागणार की अजून काही नक्की नाही, आणि मी तर जबाबदारी माझी असं ठणकावून बसलेली. मग मी शहाणपणा केला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याचे वीस लिटरचे जार आणले. आई सत्तर, मावशी साठ, म्हणजे मागच्या सीटवर एकशेतीस किलो. सहा जार भरलेले आणि सातवा अर्धा. तो अर्धा जार मी खूण करून अगदी बरोबर दहा लिटर भरला होता, इतकी मी काटेकोर. वॉचमन खुर्ची सोडून बघायला आला. मी चाकापाशी उकिडवी बसले आणि टायर आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटं सरकवली. घट्ट, पण गेली. मेकॅनिकला मेसेज केला, "दोन बोटं जातात." त्याचा अंगठा आला. संपलं.

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. रविवारी सकाळी दिवाळ्याला मासे घ्यायला जाणं हा आईचा आठवड्यातला एकुलता एक कार्यक्रम. आम्ही खांदेश्वरला राहतो. स्टेशनजवळच्या बाजारातही मासे मिळतात, पण आई कोकणातली, तिला होडीवरून उतरलेला मासा हवा आणि कोळणीशी भांडायला हवं. गुडघ्यांमुळे तिचं बाकी सगळं फिरणं बंद झालंय. ती मागे डावीकडे बसते, काच खाली करते, आणि पिशवी मांडीवर. मावशी तिच्या शेजारी. मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते आणि तिला दिवाळ्याहून फक्त कोलंबी लागते. बाबा माझ्या शेजारी, पेपर घेऊन.

हायवेला लागेपर्यंत काही नाही. कामोठ्याच्या पुढे खाडीवरच्या पुलाला सांधे आहेत, तिथे गाडी जराशी उडते आणि बसते. बसली तशी मागून डावीकडून आवाज आला. खर्रर्र. कुणीतरी लोखंडाच्या कडेवर चप्पल घासावी तसा. पुढच्या सांध्याला परत.

"काय गो ते?" आई म्हणाली.

"काही नाही. नवे टायर आहेत, बसायला वेळ लागतो." असं काही नसतं. तोंडाला येईल ते बोलले.

परत येताना परत खर्रर्र. आणि मी, जी या सगळ्याला कारण, मी वैतागले. वैताग माझ्यावरच होता, पण बाहेर पडला भलतीकडे. "आई, तू जरा मधे सरक ना. तुझ्याच बाजूने घासतंय. चार किलो कमी कर, गाडीही खूश आणि डॉक्टरही खूश." मावशी हसली. बाबाही पेपरामागे हसले. आई मधे सरकली. मी हे बोलले आणि विसरूनही गेले. आमच्याकडे अशी थट्टा चालते.

घरी आल्यावर सगळे वर गेले तेव्हा मी मोबाइलचा टॉर्च लावून चाकापाशी वाकले. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल फिरत गेलेली एक चकचकीत रेघ होती. बोट फिरवलं तर गुळगुळीत. पत्र्याची खालची धारदार कड तिथे लागत होती. मी रुमालाने ती रेघ पुसली. रबरावरची झीज रुमालाने पुसणारी मी बहुधा पहिलीच केमिस्ट. मग उभी राहिले आणि स्वतःला समजावलं की चाकाच्या वरचं प्लास्टिकचं आवरण घासत असेल, घासून घासून स्वतःच जागा करून घेईल.

खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. सोमवार ते शनिवार गाडी गप्प असायची, कारण मी एकटी. तळोज्यापर्यंत जायचं, यायचं, आवाज शून्य. शनिवार उजाडला की माझी भूक मरायची. मेकॅनिककडे जायचं तर त्याला म्हणावं लागणार की दादा, तुमचं बरोबर होतं. बाबांना सांगायचं तर ते काही बोलणार नाहीत, नुसतं "हं" म्हणतील, आणि त्यांचं ते "हं" मला सहन होत नाही. म्हणून मी काय केलं, तर ताशी चाळीसवर गाडी चालवायला लागले. डाव्या लेनला, कडेला चिकटून. मागून टँकर हॉर्न मारायचे. ते टँकर आमच्याच तळोज्यातून निघालेले असतात. त्यांच्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं, आत काय आहे ते कळतं, आणि सांडलं तर माणसाच्या कातडीचं काय होतं तेही माहीत आहे. आरशात तो टँकर, खाली तो टायर. हाताला इतका घाम यायचा की स्टिअरिंग निसटेल असं वाटायचं. टायर फुटला तर गाडी डावीकडे ओढली जाईल, मग टँकर, मग आई. दर रविवारी मी तेवढंच बघायची, पुलाच्या अलीकडून पलीकडे.

आणि या भीतीत मी बाकीचं काही बघितलं नाही. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या रविवारी आईने खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. पूल आला की धरायची आणि सीटवरून जराशी उठायची, बसमध्ये जागा नसल्यासारखी. मला वाटलं तिला माझ्या ड्रायव्हिंगची भीती वाटते. "आई, मी काय विमान चालवतेय का? नीट बस." ती म्हणाली, "असू दे गो, गुडघे आखडतात." तिसऱ्या रविवारी तिने मासेच कमी घेतले. पापलेट एकच, कोलंबी मावशीपुरती. बाबा कुरकुरले, "एवढ्या लांब आलो ते एका पापलेटासाठी?" आई म्हणाली, "खातंय कोण हल्ली." तिची स्टीलची पाण्याची बाटली, जी ती चार पावलांवर जातानाही बरोबर घ्यायची, ती घरीच राहायला लागली. छत्री घरी. चौथ्या रविवारी सकाळी बाबा खोबऱ्याची चटणी आणि घावणे खात होते आणि आई नुसती बसलेली.

"हिचा आज उपास," बाबा म्हणाले. "मासे आणायला चाललीय आणि उपास धरलाय!"

"दुपारी सोडीन," आई म्हणाली. "देवाला चालतं, तुम्हांला काय?"

मी हसले. मीच घाईत होते, लवकर निघालं तर टँकर कमी असतात. आईला मधुमेह आहे. साखर खाली आणणारी गोळी ती सकाळी सात वाजता घेते, गेली आठ वर्षं एकदाही न चुकता, कारण डॉक्टरने सांगितलंय की गोळी चुकवायची नाही. खाण्याबद्दलही त्याने सांगितलं असणारच. पण तेव्हा मी केबिनबाहेर औषधं घेत होते.

त्या रविवारी पूल ओलांडून आम्ही खारघरच्या पुढे आलो, आणि मावशी म्हणाली, "अगो, हिला घाम बघ किती आलाय." मी आरशात पाहिलं. आईचा चेहरा मेणासारखा. केस कपाळाला चिकटलेले. हात मात्र अजून हँडलला. ती काहीतरी पुटपुटत होती. मी म्हटलं, "आई? आई, काय होतंय?" तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखीचं असं काही त्या नजरेत नव्हतं. मग तिचा एक हात हँडलवरून सुटला, मग दुसरा, आणि ती मावशीच्या खांद्यावर कलंडली.

मी गाडी कडेला घेतली. उतरून मागचं दार उघडलं. मला वाटलं हार्ट अटॅक. बाबांना घाम पुसायलाही सुचत नव्हतं, ते नुसते "अगं, अगं" करत होते. मी आईचे गाल थोपटले. ती पुटपुटली, "बसते... वर बसते मी..." हात गार, आणि थरथरत होते. ती थरथर बघितली आणि मला कळलं, साखर उतरलीय. जीव जरासा भांड्यात पडला, कारण त्यावर उपाय आईच्या पिशवीतच असतो. बिस्किटांचा पुडा, गुळाचे खडे, दोन-तीन राजगिऱ्याच्या वड्या. कुठेही निघालं तरी असतं, आम्ही त्यावरून तिला किराणा दुकान म्हणतो. मी पिशवी उलटी केली. घराची किल्ली पडली, रुमाल पडला, आणि माशांसाठी घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी. बस. बिस्किटं नाहीत, गूळ नाही, काही नाही.

"मावशी, हिचा पुडा कुठाय?"

"मला काय ठाऊक गो! तूच बघ ना!"

हायवेच्या कडेला साखर कुठून आणायची? एकापाठोपाठ एक टँकर जात होते, प्रत्येकाच्या वाऱ्याने आमची गाडी हलत होती. बाबा फोन लावत होते, तो लागत नव्हता की त्यांना लावता येत नव्हता, कळत नव्हतं. मला जवळची म्हणून एकच जागा आठवली. मेकॅनिकची शेड. पाच मिनिटं, जोरात गेलं तर. आणि जोरात जायचं म्हणजे त्या टायरवर.

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते, आणि परत कधी घाबरायची इच्छा नाही. ऐंशी, नव्वद. बेलापूरच्या अलीकडे रस्ता खालीवर होतो, प्रत्येक ठिकाणी खर्रर्र, खर्रर्र, आता थांबतच नव्हता आवाज. मग वास आला. रबर जळल्याचा. बाबांनी नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत, "हं" सुद्धा नाही. मी मनात टायरला विनवत होते. देवाला नाही, टायरला. अजून दोन किलोमीटर टिक रे बाबा, मग फूट, मग माझ्या अंगावर फूट. मागे मावशी आईला हाका मारत होती, ताई, ताई, डोळे उघड. आवाज, वास आणि त्या हाका. आजही कुठे टायर जळल्याचा वास आला की मला मावशीचा आवाज ऐकू येतो.

शेडमध्ये मी गाडी जवळजवळ घुसवलीच. मेकॅनिक जॅकवरच्या गाडीखालून बाहेर आला. "साखर! दादा, साखर आणा, आईची शुगर उतरलीय!" त्याने प्रश्न विचारला नाही. मागच्या घराकडे तोंड करून ओरडला, आणि त्याची बायको साखरेचा डबाच घेऊन धावत आली, ओल्या हातांनी, मासे साफ करता करता उठलेली. आईला उतरवून बाकावर टेकवलं, पाण्यात साखर ढवळली. आईला गिळता येत होतं. थोडं थोडं करून तिने अर्धा तांब्या प्याला. त्या बाईने आईचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं होतं आणि म्हणत होती, "पी माय, पी. जाला, जाला." मी बाजूला उभी.

दहा मिनिटं गेली असतील. आईने डोळे नीट उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. पदर सारखा केला तेव्हा मला कळलं की आई परत आली. मी तिथेच ऑइलच्या रिकाम्या डब्यांच्या ढिगावर बसले आणि रडले, अगदी मोठ्याने, सगळ्यांदेखत.

मेकॅनिक तोवर चाकापाशी गेला होता. त्याने मला खुणेने बोलावलं. टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद खाच पडली होती आणि खाचेत पांढरट धागे दिसत होते. टायरच्या आतले धागे, जे कधीच दिसायला नकोत. रबर अजून गरम होतं. "ताय," तो म्हणाला, "येच्यावर चार मान्सं घेऊन आलीस?" मी मान हलवली. "अजून थोरा चालवला असतास तर..."

"दादा, मी मोजलं होतं. दोन बोटं जात होती, खरंच."

त्याने माझा हात धरला आणि माझी दोन बोटं त्याच्या दोन बोटांशेजारी ठेवली. लहानपणापासून दोर ओढलेली, नट-बोल्टचे पाने फिरवलेली बोटं ती. माझ्या तीन बोटांइतकी त्याची दोन होती, वर थोडी उरूनसुद्धा. तो कसनुसा हसला. "आमच्याकरं मासलीच्या जाल्याची भोकं पन बोटांनीच मोजतान. पन ज्याचा जाला त्याची बोटं. तुला सांगताना माज्या ध्यानातच नाय आला. माजी चूक हाय." त्याची नव्हती. मिलिमीटरमध्ये मोजणारी मी, आणि कुणाची बोटं हे विचारलं नाही.

आम्हांला काय चाललंय ते आई बाकावरून बघत होती. मग तिने मला हाक मारली. मी जवळ गेले, तर हळूच म्हणाली, मेकॅनिकच्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून, "तू ह्यांना घेऊन पुढे हो गो. मी मागून रिक्षाने येते. उगाच माझ्यामुळे घासतं."

"काय?"

"कमी केलं मी," ती म्हणाली. "रात्रीचं जेवण सोडलं, सकाळचं पण. पिशवीतलं काढून ठेवलं. तरी येतोच आवाज. आणि मी सत्तर नाही आहे. ब्याऐंशी आहे. तुला खोटं सांगितलं."

हे तिने असं सांगितलं जसं लहान मूल फोडलेला कप कबूल करतं. चार किलो कमी कर. मी बोलले होते, हसत हसत. आणि ही तीन आठवडे उपाशी, बिस्किटांचा पुडा घरी ठेवून, पुलावर हँडलला लटकून. हँडलला लटकल्याने गाडीवरचं वजन गुंजभरही कमी होत नाही. हँडल गाडीलाच आहे. हे मी तिला तिथे समजावून सांगायला लागले, मूर्खासारखी, रडत रडत, आणि ती "हो का" म्हणत ऐकत होती.

मेकॅनिकने स्वतःच्या व्हॅनमधून आम्हांला बेलापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने गोळी कमी केली आणि आईला सोडून मला झापलं, ते योग्यच होतं. काट्यावर उभं राहायची वेळ आली तेव्हा मी सवयीने बाहेर निघाले. आई म्हणाली, "थांब. बघ तूच."

आता गाडीला २०५/४५ आहेत. पत्र्याची कड आत वळवून घेतली आणि मागचे स्प्रिंग बदलून मागची बाजू थोडी वर घेतली. गाडी पहिल्यासारखी दिसत नाही. शेवटची चाचणी शेडमध्ये झाली, जार-बिर काही नाही. आई, मावशी, बाबा, सगळे आत बसले, आणि मेकॅनिकने स्वतःची दोन बोटं घातली. सहज गेली. मग त्याने आईला खिडकीतून सांगितलं, "माय, तुमच्या वजनाचा काय पन संबंध नाय. आमच्या दोघांच्या बोटांचा घोल होता." आई हसली. पटलं, म्हणाली.

पटलेलं नाही. पूल आला की मी आरशात बघते. आवाज काही येत नाही, गाडी लोण्यासारखी जाते, तरी आईचा हात वर जातो आणि ती सीटवरून बोटभर उठते. मी ओरडायचं सोडून दिलंय.

एक मात्र करते. निघताना पार्किंगमध्ये आईच्या हातातून पिशवी घेते आणि उचलून बघते. जड लागली तर गाडी सुरू करते. मागच्या रविवारी हलकी लागली. उघडून पाहिलं, तर पुडा नव्हता. "अगो राहू दे," ती म्हणाली, "तेवढंच वजन." मी वर गेले, पुडा घेतला, गूळ घेतला, पाण्याची स्टीलची बाटली काठोकाठ भरून घेतली, आणि खाली येऊन सगळं तिच्या मांडीवर ठेवलं. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तिने ते सगळं पिशवीत भरेपर्यंत मी किल्ली फिरवली नाही.